कोपऱ्यावरचे दिवे

चूक केल्याबद्दल तुमची पाठ कुणी कधी थोपटली आहे का? माझ्या धाकट्या बहिणीची थोपटली. पोटात दुखतंय म्हणूनच लिहितेय.

मी दहावीत शाळा सोडली. वाचलं ते मोर्च्यांच्या मधल्या वेळात. ती शिकली. दुर्बिणीने काढलेले आकाशाचे हजारो फोटो जोडून ताऱ्यांची यादी करणारा प्रोग्राम तिने लिहिलाय. दुर्बिणीला डोळा मात्र कधी लावलेला नाही! दोन स्क्रीन, कान तुटलेल्या कपात पेनं, पाठीला उशी, एवढाच तिचा संसार. तरी आई शेजारणीला सांगते, "आमची धाकटी तारे मोजते." आणि मोठी? "ती भांडते."

गेल्या महिन्यात जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, माझी यादी चुकलीय."

"म्हणजे?"

"शेजारशेजारच्या फोटोंच्या कडा एकमेकींवर येतात. कडेवरचा तारा दोन्हींत दिसतो. कित्येक ठिकाणी मी तो दोनदा धरलाय. सहा वर्षं लोक त्याच यादीवर काम करताहेत."

"कुणाला कळलंय?"

"मला."

"मग गप्प बस की, बाई!"

तिने असं पाहिलं, की मी पाणी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना कळवलं: चूक माझी, दुरुस्त यादी सोबत आहे. नोकरी जाणार म्हणून दोन दिवस नीट जेवली नाही. मी मनात म्हटलं, बरी जिरेल आता. खोटं कशाला सांगू! एकाने खरंच झापलं, त्याचं वर्षभराचं काम वाया गेलं होतं. बाकीच्यांनी मात्र आभार मानले, आणि नव्या दुर्बिणीची यादीही साहेबांनी तिच्याकडेच दिली.

माझा तिळपापड झाला. वीस वर्षं घसा फोडतेय, माझ्यावर कुणी असा भरवसा टाकला?

पण तो कडेवरचा तारा डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी मी घरोघर पत्रक वाटलं होतं: 'तीनशे बारा पथदिवे बंद!' प्रत्येक गल्लीत वेगळी बाई मोजायला पाठवली होती. दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावरचा दिवा दोघींनीही धरला. हे मला तेव्हाच कळलं होतं. पालिकेच्या कचेरीतला साहेब म्हणाला, "बाई, आकडा फुगलाय." मी टेबलावर हात आपटून त्यालाच खोटं पाडलं.

परवा त्या बायांच्या जुन्या नोंदी घेऊन स्वतः फिरले, दोनदा धरलेले दिवे वगळले. दोनशे सत्तर. तेही काही थोडे नाहीत. धाकटीवरची जळजळ अजून शमलेली नाही, पण खरेपणाचा मक्ता तिला एकटीला का द्यायचा? ते पत्रक तुमच्या घरात असेल तर पेन घ्या, तीनशे बारा खोडा आणि दोनशे सत्तर लिहा.