पिशव्यांपाशी कोण बसणार?

भाजलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला की मला सोमेश्वरचा धबधबा आठवतो. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहुण्यांना नाशिक दाखवायला निघालो होतो. सगळे गोदावरीकडे उतरले आणि सासूबाई सवयीने पिशव्या-चपलांपाशी बसल्या.

"आई, चला ना."

"तुम्ही जा गं. सामान कोण बघेल?"

"पण धबधबा तुम्ही पाहिलाय ना?"

त्या हसल्या. "दरवेळी इथून आवाज ऐकते की!"

मी तिथेच बसकण मारली. "उठा. आज सामान माझं."

परतल्या तेव्हा पदर ओला होता आणि हातात माझ्यासाठी गरम कणीस. "अगं, केवढं ते पाणी!"

तेव्हा ती साधी अदलाबदल वाटली होती. आता सहल ठरवताना मी आधी पिशव्यांपाशी बसायच्या पाळ्या लावते, मग ठिकाणं. त्या यादीत सासूबाईंचं नाव नसतं.