नानांची समोरची काच

गाडीच्या काचेला फिल्म बसवायला वेळ लागतो, आणि तोवर गिऱ्हाईक आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतं. बसलेला माणूस बोलणारच! माझा नवरा संदेश आत काचेवर पाणी मारत, रबरी पट्टीने फिल्म दाबत असतो, आणि काउंटरवर मी ऐकत असते. संध्याकाळी शटर ओढताना गल्ल्यापेक्षा गोष्टींचीच भर जास्त पडलेली असते.

सुकापूरच्या रस्त्यावरचा आमचा हा गाळा नानांचा. नाना गावातले जुने जमीनवाले. रोज संध्याकाळी स्वतः गाडी चालवत राउंड मारणार, नाक्यावर, देवळाच्या कट्ट्यावर, मासळीवाल्या हिराबाईपाशी सगळ्यांना हात करणार आणि शेवटी आमच्याकडे चहाला थांबणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि समोरचं उतरतं ऊन त्यांच्या डोळ्यांत घुसायला लागलं. मुलगा मंगेश म्हणाला, "बाबा, आता किल्ली माझ्याकडे द्या."

"किल्ली दिली म्हनजे मी संपलो गो पोरी," नाना मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी बापलेकांचं ठरलं. समोरच्या काचेला ऊन आणि चमक कमी करणारी, नियमात बसणारी फिल्म लावायची. राउंड नीट झाला तर किल्ली नानांचीच. पण नाना सावध माणूस. "पयले लोकांचं काय होतंय ते बगतो," म्हणाले आणि रोज येऊन खुर्चीत बसायला लागले.

*

करंजाड्याहून एक साहेब आले. आमच्याकडे डेमोचा एक खोका आहे. मागे तापणारा बल्ब, पुढे काच, अर्ध्या काचेला फिल्म. साध्या काचेपुढे हात धरला की चटका बसतो, फिल्मपुढे धरला की काही नाही. साहेबांनी दोन्हीकडे हात धरून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, तुमचा बल्ब गेलाय."

"पेटलाय की सर!"

"हो, पण या साइडला गेलाय."

नानांचा चहा कपातच राहिला.

*

रोडपालीचा एक टुरिस्ट गाडीवाला. समोरच्या काचेला आतून कुलदेवीचं स्टिकर. फिल्मही आतूनच लागते, त्यामुळे संदेश म्हणाला, "हे काढावं लागेल."

"आईला हात लावायचा नाय!"

मग संदेशने देवीभोवतीचा अख्खा आकार फिल्ममधून कापून काढला. मुकुटासकट! दुपार त्यातच गेली. काम इतकं सुबक झालं की आम्ही सगळे बघत उभे राहिलो. फक्त गाडीवाल्याचं तोंड पडलेलं.

"काय झालं दादा?"

"मला सावली झाली. आता आईला एकटीला ऊन लागनार ना?"

संदेशने कटर खाली ठेवला आणि चहा सांगितला.

*

आणि शेजारच्या सोसायटीतल्या टीचर! फिल्म बसवल्यावर आत थोडं पाणी राहतं, काच धुरकट दिसते, चार दिवसांत सुकून साफ होते. यांचा मात्र रोज फोन. "अजून धुरकटच आहे हो!" संदेश बघायला गेला, तर गाडी बेसमेंटमध्ये, वर कव्हर, कव्हरवर आणखी एक चादर.

"मॅडम, गाडी जरा उन्हात लावा."

"उन्हात? अहो, ऊन लागू नये म्हणून तर फिल्म लावली!"

हा किस्सा ऐकून नाना पोट धरून हसले. "एवडी मानसं येडी झाली, म्हनजे वस्तू चांगलीच असंल. लाव बाबा मना!"

*

नानांच्या गाडीला फिल्म लागली. बाहेरून बघितलं तर निळी झाक मारत होती, झकास दिसत होती. संध्याकाळी ऐन उन्हात नानांनी राउंड मारला, मंगेश शेजारी बसून होता. परत आले ते हसतच. "डोलं एकदम थंड!" मंगेशने कबूल केलं, "पर्फेक्ट चालवली." किल्ली नानांच्या खिशात गेली. मी तर पेढेच मागवले.

आठवडाभराने नाना आले ते चेहरा पाडून.

"संदेश, फिल्म काड."

"का नाना? डोळ्यांना त्रास होतोय?"

"डोल्यांना काय नाय रं. सगला लख्ख दिसतो. नाक्यावर हात केला, कोन बोलला नाय. देवलाकडं केला, कोन बोलला नाय. मना वाटला, गाव माज्यावर रागावला. मंग हिराबाय घरी आली भांडायला. 'नाना, समोरून गाडी नेतस, बगत पन नायस, एवडा काय मोठा झालास?' अरे, उन्हात ती काच निली चमकते! मना सगले दिसतात, मी कोनाला दिसत नाय!"

"मग बाजूची काच खाली करायची," मी म्हटलं.

"आनि रस्त्यावरच्या कंटेनर-ट्रेलरचा धुरला खाऊ?"

मंगेश मागेच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, फिल्म काढली तर किल्ली मी घेणार. ठरलंय आपलं."

नानांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मंगेशच्या हातात ठेवली.

"घे. गाडी काय, तू पन चालवशील. हात मनाच करायला लागतो."

संदेशने एवढी मन लावून बसवलेली फिल्म कधीच काढली नसेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं.

आता रोज संध्याकाळी उतरत्या उन्हात गाडी येते. मंगेश चालवत असतो. शेजारच्या सीटवर नाना ताठ बसलेले, ऊन सहन होत नाही म्हणून डोळे घट्ट मिटलेले. आणि आमच्या दुकानासमोर आले की बरोब्बर हात वर!

आम्हीही हात करतो.