विहिरीवरचं झाड

आमच्या मोर्शीकडे संत्री झाडावर असतानाच बाग विकतात. व्यापारी येतो, धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं हिंडतो, इसार हातावर ठेवतो, आणि त्या घडीपासून फळ त्याचं. मालकानं मग स्वतःच्याच बागेत पाहुण्यासारखं फिरायचं. एखाददुसरं झाड घरच्या खाण्यासाठी सोडतात, पण ते सौद्याच्या वेळी तोंडानं सांगावं लागतं.

सूर्यभानरावांच्या घरी हे सांगायची त्यांची बायको, जमुना. पुरुष माणसं भावावरून हमरीतुमरीवर आली, की चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणायची, "विहिरीवरचं सोडून बरं का, भाऊ!" आणि आत निघून जायची.

जमुना या उन्हाळ्यात गेली. यंदा आंबिया बहाराचा सौदा झाला, केशवराव व्यापाऱ्यानं इसार दिला, चहाही झाला. त्याची गाडी रस्त्याला लागली तेव्हा सूर्यभानरावांच्या ध्यानात आलं. विहिरीवरच्या झाडाचं कोणी बोललंच नव्हतं!

"फोन करून सांगा ना आता," मुलगा कुलदीप म्हणाला. "एका झाडानं त्याचं काय जाते?"

"इसार घेतला ना बे? मंग झालं!" म्हातारा खेकसला.

असा हट्टी माणूस! जीव जाळत बसला, पण फोन काही केला नाही.

त्या झाडाचं संत्रं म्हणजे त्यांचं दुपारचं खाणं. चारच्या चहानं पित्त होतं म्हणून जमुनेनं तो बंद केला होता, आणि हंगामात रोज एक संत्रं सोलून ती त्यांच्या हातावर ठेवायची. आता सून अपेक्षा ताटलीत कधी पपई, कधी सफरचंद कापून आणी. "मामाजी, खाऊन घ्या. ताजं हाय." पोरगी गुणाची. मामाजी खायचे. फळ गोड असायचं, पण निम्मं ताटलीतच राहायचं. मग ते उठून विहिरीवर जायचे. हिरवी फळं पिवळी होत चालली होती. खाली पडलेलंसुद्धा त्यांनी कधी उचललं नाही. दुसऱ्याचा माल! आता याला काय म्हणावं, बाप्पा?

तोडणीचा दिवस आला. दुपारपर्यंत बाग रिकामी झाली आणि बाया क्रेट घेऊन विहिरीकडे वळल्या. सूर्यभानरावांनी तोंड फिरवलं. पाहवतच नव्हतं.

"ते राहू द्या वं," केशवराव ओरडला.

"काहून?" सूर्यभानराव म्हणाले. "सौद्यात हाय ते."

"काकू यंदा बोलली नाही म्हणून काय झालं, काका? दरसाल ऐकतो मी. ते झाड म्या मोजलंच नव्हतं."

गाडी भरून गेली तसे सूर्यभानराव दुपट्ट्यानं डोळे पुसत झाडाखाली गेले. झाड पिवळ्याधम्मक फळांनी लगडलं होतं. त्यांनी हात वर केला, आणि हात तसाच राहिला.

या झाडाचं फळ त्यांनी स्वतः कधी तोडलंच नव्हतं. बाग कधी विकायची, ते त्यांना कळे. आज कोणतं फळ खायचं, ते जमुनेला. ती झाडाभोवती फिरायची, दोनचार फळं हातानं चाचपून सोडून द्यायची आणि पलीकडून कुठूनतरी एक घेऊन यायची. ते कधी आंबट निघालं नाही.

त्यांनी सगळ्यात देखणं फळ तोडलं, सोललं, फोड तोंडात टाकली. दात आंबले. दुसरं तोडलं, तेही आंबट. थुंकले नाहीत, दोन्ही पुरती खाल्ली. मग झाडाला एक चक्कर घातली, एक फळ चाचपलं, सोडलं, दुसरं चाचपलं. बोटांना काही म्हणता काही कळेना.

"सांग ना वं," ते मोठ्यानंच बोलले, "कोणतं तोडू?"