टिकटिक की ठकठक

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास आळेफाट्यावर गाडी बंद पडलेला माणूस शहाणा झाल्याशिवाय पुढे जाऊच शकत नसे, कारण तिथे आमच्या ह्यांच्या मावसभावाचं गॅरेज होतं. नाशिकला निघालेला असो की नगरला, भावजी आधी त्याची परीक्षा घेत आणि मगच हातात पाना धरत. शेजारीच माझं स्पेअर पार्टचं दुकान. तिथे क्लचप्लेट घ्यायला आले तरी विचारत, "वहिनी, ही झिजती ती नेमकी कवा? दाबल्यावर का सोडताना?" मी प्लेट काउंटरवर ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. त्यांचं काही अडत नसे. विचारायचे तेच, सांगायचेही तेच.

एकदा मुंडावळ्या बांधलेला नवरदेव क्लच जळालेल्या जीपमधून उतरला. मुहूर्त तोंडावर आलेला. भावजींनी त्यालाच गाठलं. "नवरदेव, क्लच दाबल्यावर इंजिन चाकाला जोडलं जातं का सुटतं?" तो घाबरून म्हणाला, "जोडलं जातं." "मग लगीन करा पावणं, पन गाडी चालवू नका." दुपारचं लग्न संध्याकाळी लागलं. मागच्या चाकांना डिफरन्शियल कशाला लागतो, हे तर त्यांच्याच शब्दांत मी झोपेतही सांगेन. "खळ्यात मळणीला बैल फिरत्यात, तवा मधल्या मेढीच्या खांबाजवळचा कमी चालतो, कडेचा जास्त. वळणावर चाकांचं तसंच. दोघांना सारखं पळवलं, तर एक फरफटणारच."

लोक हे सहन करत ते त्यांच्या कानासाठी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. एका दुपारी एका जीपला असा कान लावून ते म्हणाले, "लई झकास!" आतली खडखड मला दुकानात बसून ऐकू येत होती.

त्यांना आत बोलावून मी सरळ विचारलं, "भावजी, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"काय?" म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून खोक्यावर बसले. "दोन वर्सं झाली, वहिनी. अंदाजानं रेटतोय. कुनाला बोलू नका. मिस्तरीचा कान गेला म्हनल्यावर माझ्याकडं कोन येईल?"

दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणाचं उत्तर ते कधी ऐकतच नसत. पुण्याहून आणलेलं कानाचं मशीन ट्रकचे हॉर्न तेवढे मोठे करी, म्हणून ते खिशातच पडून असे.

मग त्यांनी मला शिकवलं. इंजिनाच्या वरच्या अंगाला हलकी टिकटिक असेल तर टॅपेट, म्हणजे किरकोळ काम; खालून जड ठकठक येत असेल तर बेअरिंग, म्हणजे इंजिन उघडायलाच हवं. गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हर ते कानाला लावत आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर येऊन बोट वर किंवा खाली करी. वर्षभर हे नाटक बरं चाललं.

मग महाळुंगे पडवळचा एक जीपवाला आला. दुकानात गर्दी होती. मी दारातूनच ऐकलं आणि बोट वर केलं. भावजींनी टॅपेट सेट करून गाडी सोडली. चौथ्या दिवशी मंचरजवळ भरल्या जीपचं बेअरिंग जाऊन कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. माणसं वाचली, इंजिन गेलं.

जीपवाला ओरडतच आला. "मिस्तरी, टॅपेट म्हनला व्हता ना तुमी? कान हाय का नुसतं भोक?"

मी बोलायला तोंड उघडलं. भावजींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्याला म्हणाले, "भोकच हाय, भाऊ. तीन वर्सं झाली, ऐकू येत न्हाई. लपवलं, चूक माजी."

मी तोंड मिटलं. मला त्याच फाट्यावर दुकान चालवायचं होतं.

पदरमोड करून त्यांनी त्या जीपला दुसरं इंजिन बसवून दिलं आणि दिवाळीच्या आधी गॅरेजचं शटर ओढलं.

आता ते घरीच असतात. मी गेले की विचारतात, "वहिनी, त्या दिशी नेमका कसा आवाज व्हता?" त्यात राग नसतो. एखादी गोष्ट का तुटली ते कळल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही, एवढंच. विचारून झालं की माझ्याकडे बघत थांबतात. ओरडून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून मी त्यांच्या खाटेच्या लाकडावर बोटाच्या पेरांनी वाजवून दाखवते. ते लाकडावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात.

"परत," म्हणतात.

मी परत वाजवते.