हुंगलेलं फूल

निम्मी वाट सरली होती. बदलापूरहून अंबरनाथच्या शिवमंदिरात श्रावणी सोमवारी आम्ही दोघी चालत जायचो, मालिनीताई आणि मी. हेंद्रेपाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती, म्हणून ताईंनी फुलांची परडी प्लॅस्टिकने घट्ट बांधून घेतली होती. ऊन पडलं तशी त्यांनी गाठ सोडली आणि थबकल्या.

"नीलिमा, कसला गं हा उग्र वास?"

परडीत त्यांच्या अंगणातली पांढरी जास्वंद होती. जास्वंदीला कुठला आलाय वास!

"एक उचल आणि हुंग."

"अहो ताई, देवाची फुलं!"

"ते एक नाही वाहणार. हुंग तू."

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. ताई तर फुलं तोडतानाही तोंड बाजूला करायच्या. मी हुंगलं. खाटेच्या सांध्यात ढेकणांवर मारतात, त्या औषधाचा वास होता. सांगितलं. ताईंनी देवळात पिंडीवर नुसतं पाणी घातलं आणि परडी तशीच परत आणली. वाटेत टाकली तर गुरं खातील म्हणून.

ही सत्त्याऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्या आळीत झाडांचं दुखणं घेऊन बायका ताईंकडे यायच्या. "पानं आकसली, मुंग्या वरखाली करायला लागल्या की समजायचं, मावा आलाय. पान उलटं करून बघा. देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या." मग चुलीची राख, तंबाखूचं पाणी, जुन्या टूथब्रशने हळू घासणं. विकतचं औषध नाही. देवाच्या डोक्यावर चढतं तेच तीर्थातून आपल्या पोटात येतं, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या तीर्थाच्या भांड्यात रोज एक फूल असायचं आणि ते तीर्थ आळीतली पोरं प्यायची.

ताईंची जास्वंद कशी तुकतुकीत! आमच्या झाडांना मात्र गुण येत नव्हता. कौसाबाई म्हणायची, "ताई, तुमची राख कुठल्या चुलीची हो? आम्हाला ती चूल तरी दाखवा!" सगळ्या हसायच्या. ताईही. त्यांचे यजमान श्यामकांतराव अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर. ते ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. तेही हसायचे.

त्या सोमवारी घरी आल्यावर ताईंनी परडी त्यांच्यापुढे ठेवली. मी दारातच उभी होते.

"हे कोणी मारलं?"

त्यांनी आधी चष्मा पुसला. "रविवारी तू भजनाला जातेस ना, तेव्हा थोडं मारतो. पहिल्याच वर्षी झाड जायला आलं होतं. तू रडत बसली असतीस."

"आणि बायकांना मी राख सांगत होते, तेव्हा मान डोलवत होतात ते?"

"तुला बरं वाटत होतं, मालू. मी कशाला मोडता घालू? आणि शंकराला काय होतंय? नीळकंठ आहे तो, विष पचवलंय त्याने!"

"देव पचवेल," ताई म्हणाल्या. "तीर्थ पोरं पितात."

मग ते पुष्कळ बोलले. पुन्हा हात लावणार नाही म्हणाले, शपथ घेतली. ताईंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, माझ्या राखेने काही झालं नव्हतं म्हणून.

जास्वंद त्यांनी पार खोडापर्यंत छाटली. नवी पालवी आली, पाठोपाठ मावाही आला. ताई पुन्हा ब्रश घेऊन बसायला लागल्या. पहिल्या कळ्या धरल्या त्या दिवशी कुंपणापाशी येऊन त्यांनी मला हाक मारली. श्यामकांतराव आतच होते, पण ताईंनी आवाज खाली केला नाही.

"रोज सकाळी माझ्याकडे येत जाशील? एक फूल हुंगून सांग मला. तेवढं एक बाजूला ठेवीन, बाकीची वाहीन. ह्यांच्या शब्दावर आता मला वाहता येत नाही गं."