हा बोर्ड कुणी बसवला?

सुनीलदादावर अन्याय झाला. गेल्या जूनचा पहिला शनिवार, दुपारी सव्वाचार. अन्याय करणारी मी, ऋजुता. नाव, वेळ, दोषी – पत्रक असंच सुरू करायचं, हे मी पुण्यात कॉलेजच्या दिवसांत शिकले. हे पत्रक मात्र आजवर कुणालाच दाखवलेलं नाही. आईलाही नाही.

दुबईच्या एका मॉलमध्ये छपराखाली बर्फाचा डोंगर आहे. त्या दिवशी तिथे नवे स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या, चालवून बघायला ठेवले होते. सुनीलदादा बोर्ड बसवून द्यायचा. मूळचा इस्लामपूरचा, राहायला शारजात, रोल्ला भागात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. बोर्डवर पाय अडकवायला दोन बाइंडिंग असतात, प्रत्येकाला चार स्क्रू. आधी किती वेळा चालवलाय, त्याने विचारलं. मी म्हटलं, खूपदा. खरं म्हणजे तीनदा. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाइंडिंग शिकाऊ माणसाच्या कोनात बसवली.

काम करता करता बोलत होता. बायकोच्या व्हिसाचे कागद कालच टायपिंग सेंटरमधून, सरकारी अर्ज भरून देतात तिथून, करून आणले होते. तिला हा बर्फ दाखवायचा होता. "ती म्हणतीय, फ्रिजमधला बघितलाय की, त्यात काय वेगळं असतंय?" मग बोर्ड माझ्या हातात दिला. "ताई, आता ह्याला हात लावू नका. काय वाटलं तर मला हाक मारा."

मी हाक मारली का? नाही. व्हिडिओतल्या लोकांचे पाय बाहेर वळलेले असतात, मला तसे हवे होते. उतारावर वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी साखळीला बांधलेला स्क्रूड्रायव्हर होता. मागच्या बाइंडिंगचे चारही स्क्रू सैल केले, कोन फिरवला. त्यात दोन स्क्रू पूर्णच निघून आले. हातमोजे काढले तर बोटं बधिर, स्क्रू आट्यात बसेनात. मागून कुणीतरी अरबीत घाई केली, "यल्ला, यल्ला." दोन आवळले. दोन खिशात टाकले. आणि लिफ्टमध्ये बसले.

उताराच्या मध्यावर मागचं बाइंडिंग बोर्डवरून सुटलं. मनगट मोडलं.

इथवर तो फक्त मूर्खपणा होता. गुन्हा त्या रात्री घरी झाला – प्लास्टरमधला हात मांडीवर, डाव्या हाताने टाइप करत. पत्रकाचं शीर्षक, 'हा बोर्ड कुणी बसवला?' निष्काळजीपणा, जिवाशी खेळ, जाब विचारा – सगळे शब्द तयारच होते, माझ्याकडे ते नेहमी तयार असतात. खाली प्लास्टरचा फोटो. या देशात असं लिहिलं तर ती जागा चालवणारी कंपनी केस करू शकते, म्हणून जागेचं नाव मी गाळलं. सुनीलदादाचं नाव, गाव, सगळं घातलं. तो कुठली केस करणार होता?

व्हॉट्सॲपच्या मराठी ग्रुपमधून ते शारजा, अल ऐन, रास अल खैमा, सगळीकडे फिरलं. कंपनीपर्यंत पोचायला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"ताई, तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावला होता का? खरं सांगा, मी रागावणार नाही. साहेबांना फक्त एवढंच सांगायचंय."

एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर त्याची नोकरी राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मग काय बोलले मी?

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "हाताला जपा."

नोकरी गेली, तिच्यावरचा व्हिसा रद्द होऊन तो दोन आठवड्यांत गावी परत गेला. बायकोचे कागद तसेच राहिले. इकडे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोकांनी मला धाडसी म्हटलं, आणि मी मान हलवली. ते दोन स्क्रू तर भाड्याच्या जॅकेटबरोबर परतही गेले होते – कुणी शोधले नाहीत, कारण कुणाला शंकाच आली नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या कंपनीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. त्याने त्याचं काही परत मिळेल असं मला वाटत नाही. पण ते जुनं पत्रक अजून तुमच्या फोनमध्ये आहे. उघडा. त्यात सुनीलचं नाव आहे तिथे माझं घाला, आणि ज्यांना ज्यांना तेव्हा पाठवलं होतं, त्या प्रत्येकाला आज पुन्हा पाठवा.