गोणीत घालून आणलेली गाडी

"घ्या म्हणते ना! आजच्या आज ठेवून घ्या, न्हाईतर भंगारात घालते!"

"घाल की! घालूनच दाखव! तुझ्या नवऱ्याच्या हातची गाडी हाय ती, तुझ्या माहेरची परात न्हाई!"

"नवरा माझा हाय का तुमचा, अक्का?"

हे चंद्रकला मला विचारत होती. माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरवर खताची गोणी आपटून! बाजूच्या चहावाल्यानं गाळणी हातात धरून मान लांब केली. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती परत आत घेतली.

गोणीत मारोतीची गाडी होती. चाकं वर, पाठ खाली, कोंबडी बांधून आणावी तशी.

भांडण कुठं जाऊन थांबलं ते सांगते, पण मधलं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. माझ्या दुकानामागं जळक्या तारेचा ढीग साठतो, तसे आमच्या तिघांचे किस्से साठलेत. तारेला निदान तांब्याचा भाव येतो. किश्शांना कोण विचारतंय? तिघांपैकी एक जण आता बोलत नाही, म्हणून मीच सांगायचे.

मी विमल. सोनपेठमध्ये माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, जे जळेल ते माझ्याकडं येतं. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेला तेव्हा दुकानात उघडून ठेवलेल्या मोटरी तशाच पडल्या होत्या. गिऱ्हाइकं म्हणाली, आमचा माल परत द्या. मी म्हटलं, "दुरुस्त करूनच देईन." एकेक मोटर उसवली, कुठली तार कुठून निघाली ते बघत बसले, आणि शिकले. माझा उस्ताद कोण असं विचारलं की मी आरशाकडं बोट दाखवते.

दुसरा सलीम. मोबाइल दुरुस्त करतो, दोन लेकरांचा बाप आहे आणि अजून खेळण्यातून बाहेर आलेला नाही. तिसरा मारोती, चंद्रकलाचा नवरा. गेट आणि खिडक्या वेल्डिंग करणारा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा.

आणि गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, खडक चढणारी गाडी. तिला इंग्रजीत रॉक क्रॉलर म्हणतात. आम्ही नुसतं 'चढणारी' म्हणतो. ती पळत नाही. एकेक चाक चाचपत दगडावर टाकते आणि वर जाते.

*

पहिली गाडी सलीमनं ऑनलाइन मागवली. दगडात अडकली तरी यानं रिमोटचं बटण सोडलं नाही, मोटर जळली.

"अक्का, एवढुशी मोटर वाइंड होती का?"

"जळाली म्हणजे वाइंड होती. ठेव इथं."

डोळ्याला भिंग लावून बसले. जाड तार घेतली, वेढे कमी केले. म्हटलं, जाड तार म्हणजे ताकद जास्त. बटण दाबलं तर गाडी काउंटरवरून उडाली, रस्ता ओलांडून थेट समोरच्या नालीत!

सलीम नालीकडं बघत म्हणाला, "अक्का, ही चढायची गाडी हाय. घर सोडून पळून जायची न्हाई!"

पुन्हा उसवली. आता बारीक तार आणि भरपूर वेढे. वेग गेला आणि जोर आला. नालीतून काढलेल्या त्या गाडीनं दुकानामागचा सगळा भंगाराचा ढीग चढून दाखवला.

"लय हळू चालायली हो," सलीम म्हणाला.

"माझ्यासारखी," मी म्हटलं. "हळूच चालती. पण अडवून दाखव!"

*

मारोती आला होता ग्राइंडरची मोटर घेऊन. तेव्हा गाडी एका चढाला सारखी मागं उलटत होती. आम्ही दोघं डोकं लावत होतो. मारोती उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला.

मारोतीचं घर मेंढरांवालं. लहानपणी बापाच्या मागं कळप घेऊन पालमच्या माळापर्यंत चालायचा. पुढं कळप विकला आणि हातात वेल्डिंगचा होल्डर आला. मेंढरं गेल्याचं तो कधी बोलायचा नाही. पण कुठं घंटी वाजली की वेल्डिंग थांबवून मान वर करायचा.

"शेळी चढती तवा मान कुठं घालती?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"पुढं. तुमच्या शेळीला मानच न्हाई."

टायरवाल्याकडून चाकांना लावायचे शिशाचे तुकडे आणले आणि पुढच्या चाकांच्या आत चिकटवले. गाडी नाक खाली घालून सरळ चढली. सलीमनं टाळ्या वाजवल्या. मारोती हसलाही नाही. ग्राइंडरही विसरून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो ग्राइंडर न्यायला नव्हे, तर "मलाबी एक करायची," म्हणायला.

*

त्यानं स्वतःची गाडी केली तेव्हा विकतचं घ्यायचं नाही असं ठरवूनच केली. चेसिस गेटच्या पट्टीची. चाकं धरणाऱ्या कांड्या सायकलच्या तारांच्या. वरची बॉडी तेलाच्या डब्याची, त्यावर शेंगदाण्याचं चित्र तसंच ठेवलेलं!

टायरच्या आत स्पंज लागतो, म्हणजे टायर दगडाला चिकटून बसतं. मारोती म्हणाला, "स्पंज कशाला? लोकर हाय की घरात." मेंढरं गेली तरी एक पोतं लोकर चंद्रकलानं जपून ठेवलं होतं. त्यातली मूठ मूठ भरली. कोरड्या दगडावर गाडी अशी चालली की सलीमचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग ती डबक्यात शिरली.

लोकरीनं पाणी प्यायला सुरुवात केली. गाडी जड, आणखी जड, आणि मधोमध बसली. मोटर घरघरतेय, चाक हलेना. सलीमला तर पर्वणीच! "भाऊ, मेंढी पाण्यात बसली! आता चार माणसं बोलवा!"

मारोती धोतर वर करून पाण्यात गेला, गाडी काखेत घेऊन आला. म्हणाला, "भिजल्यावर अशीच बसायची ती. बाप शिव्या द्यायचा." टायर उघडून लोकर वाळत घातली, पिंजली, परत भरली. स्पंज त्यानं कधीच घातला नाही.

*

पुढं मीही माझी एक गाडी जोडली, आणि आम्ही तिघं रविवारी गावाबाहेरच्या बंद खदानीत जायचो. काळा दगड, कुणी नाही, खाली हिरवं पाणी. मारोतीनं तिथं एकच नियम केला होता. ज्याची गाडी पडली त्यानंच उठून जाऊन ती उचलायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. "कळपातलं जनावर पडलं तर ज्याचं त्यानं उचलायचं. दुसऱ्यानं उचललं तर ते धन्याच्या मागं चालत न्हाई," असं त्याचं म्हणणं. आम्हाला ते पटलं नव्हतं, पण मारोतीपुढं कोण बोलणार? माझे गुडघे दुखायचे. मी शिव्या देत देत चढायचे आणि माझी मी उचलून आणायचे.

एकदा एक हवालदार आले. कुणीतरी सांगितलं होतं, खदानीत तिघं जण रिमोट घेऊन काहीतरी उडवायलेत. त्यांना मारोतीची गाडी उलटी पडलेली दिसली. पोरासोरांचं खेळणं बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. कौतुकानं उचलून घेतली.

"साहेब, खाली ठेवा," मारोती म्हणाला.

"अरे, बघू तर दे."

"जिथून उचलली तिथंच ठेवा. उलटी होती, उलटीच ठेवा."

हवालदारांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही आभाळाकडं बघितलं. मग त्यांनी खरंच वाकून गाडी जशी होती तशी, चाकं वर करून, त्याच दगडावर ठेवली! मारोती पोटऱ्या घासत वर गेला, गाडी सुलटी केली, आणि खाली येऊन हवालदारांना नमस्कार केला.

"आता बघा," म्हणाला.

*

स्टिअरिंग वळवणारी एक छोटी मोटर असते. तिचे प्लॅस्टिकचे दात झिजले. सलीमनं लोखंडी दातांची, दांडगी मोटर मागवली. पहिल्याच दगडाला तिनं चाक असं पिळलं की दात शाबूत राहिले आणि ज्या पट्टीवर मोटर बसवली होती ती पट्टी फाटली. मारोतीनं पट्टी जाड केली. मग कांडी वाकली. कांडी जाड केली. मग चाकाच्या आसाभोवतीचा बुश निघाला.

सलीम वैतागला. "भाऊ, ह्याला शेवट कुठं हाय?"

मारोती बुश चाचपत म्हणाला, "एकाला ताकद दिली की शेजारच्याच्या बोकांडी बसतंय. सगळं बघून द्यावं लागतं."

मी म्हटलं, "मोठा आला शहाणा! आधी कामून न्हाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं?"

*

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मारोतीवरून वारं गेलं. गेट बसवताना नव्हे, खदानीतही नव्हे. घरी, बादलीत पाणी ओतताना. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही गेली. परभणीला नेलं, आणलं. डॉक्टरांनी मालिश सांगितली, धीर सांगितला.

मी भेटायला गेले तर तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. गाडी कोनाड्यात. मी बोलत होते, तो भिंत बघत होता. चंद्रकला म्हणाली, "जेवत न्हाईत. चमचा तोंडाला लावला की मिटून घेत्यात."

मला रडायला येत नाही. मला राग येतो. मी दुकानात आले आणि सलीमला बोलावलं.

आमचा रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हातात धरायचा आणि उजव्यानं चाक फिरवायचं. ज्याला उजवा हातच नाही त्यानं काय करायचं? आम्ही तो फोडला. आतलं सगळं काढून एका दांडीवर आणलं. डाव्या अंगठ्यानं पुढं केली की गाडी पुढं, बाजूला केली की वळण. सलीमनं सोल्डर केलं, मी डबा केला, पकड त्याच्या मुठीएवढी. दोनदा बिघडला. तिसऱ्यांदा चालला.

अंगणात चंद्रकलानं दगड मांडून दिले. मारोतीला उशीला टेकवून बसवलं. अंगठा दांडीवर ठेवून दिला. बराच वेळ काहीच नाही. मग शेंगदाण्याचं चित्र हललं. गाडीनं पुढचं चाक दगडावर टाकलं, चाचपलं, आणि वर गेली.

मारोतीचं अर्धं तोंड हसलं. त्या दिवशी तो ताटलीभर वरण-भात जेवला.

मी घरी निघाले ती सबंध बाजारातून छाती काढून. सलीम म्हणाला, "अक्का, हळू चला." मी म्हटलं, "आज न्हाई!"

चंद्रकलानं तेव्हा आम्हाला चहा दिला होता. बोलली काहीच नव्हती. मी कुठं विचारलं होतं?

*

आणि महिनाही झाला नसेल, ती ही गोणी घेऊन उभी.

"नवरा माझा हाय का तुमचा, अक्का?"

"तुझाच हाय! म्हणून त्याच्या तोंडचा घास काढायलीस? गाडी आल्यावर जेवायला लागला ना तो? का न्हाई?"

"लागले."

"हसला ना?"

"हसले."

"मग तुझ्या डोळ्यात कामून खुपायली? अंगणात घाण होती म्हणून? दगड मांडायचा कंटाळा आला?"

सलीम आपल्या दुकानातून पळत आला होता. "अक्का, जाऊ द्या. भाभी, मी ठेवतो माझ्याकडं..."

"तू गप बस!" मी त्याला म्हटलं. आता मी थांबणार नव्हते. "एक डावा अंगठा राहिलाय त्याच्यात जिवंत. तोबी तुला बघवंना! गाडी नेलीस तर तो परत भिंतीकडं तोंड करंल. मग भरव चमच्यानं. मग बस मालिश करत. ही गाडी मी ठेवून घेणार न्हाई. उचल ती गोणी, अन् जा घरी!"

चंद्रकलानं गोणी उचलली नाही. काउंटरला धरून उभी राहिली. तेव्हा मला दिसलं की ती मघापासून एका बाजूला वाकून उभी आहे आणि दुसरा हात कमरेवर दाबून धरलाय.

"गाडी रोज उलटती," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "मी उचलाया गेले की वरडत्यात. हात लावू देत न्हाईत."

"मग?"

"मग सोता उठायला बघत्यात. अन् पडले, की त्यांचं वजन मला एकटीला उचलंना, अक्का."